विहारातला आवाज : जेतवनापासून आपल्या सभागृहापर्यंत



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत विहाराचा इतिहास लिहायचा म्हटला की जागा कशी मिळाली, वर्गणी कोणी किती दिली, स्लॅब कधी पडला, बुद्धमूर्ती कुठून आणली, हे सगळे येते. ते यायलाच हवे. पण याच विहाराचा आणखी एक इतिहास आहे आणि तो पावतीपुस्तकात सापडत नाही. इथे पूर्वी काय ऐकू येत होते आणि पुढे काय ऐकू येईनासे झाले, त्याचा तो इतिहास. या लेखात आम्ही तो सांगणार आहोत, आणि त्यासाठी थोडे मागे, थेट तथागतांच्या काळापर्यंत जाणार आहोत.

जुन्या मंडळींना आठवत असेल, आपला पहिला विहार पत्र्याचा होता. खाली सारवलेली जमीन, त्यावर गोणपाट, बाजूंना तट्टे. पाऊस पडायला लागला की पत्रा असा वाजायचा की वंदना थांबवावी लागायची. पण पाऊस नसला तर शेवटच्या माणसालाही वाचणाऱ्याचा शब्द न् शब्द कळायचा. पुढे आपण सगळ्यांनी पोटाला चिमटा काढून पक्की वास्तू उभी केली. वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना छातीइतक्या उंचीपर्यंत चकचकीत टाइल्स. बघणारा म्हणायचा, वा! पण पहिल्याच वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन सुरू झाले आणि लक्षात आले की काही म्हणजे काही कळत नाही. एक शब्द विरायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो. आम्ही मोठा ॲम्प्लिफायर आणला, दोन कर्णे लावले. घुमणे आणखीच वाढले. मागे बसणाऱ्या आजीबाई एकेक करून व्हरांड्यात जाऊन बसू लागल्या. नंतर त्या यायच्याच बंद झाल्या. त्यांच्यातल्या एकीला आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, "लेकरा, वाचता येत न्हाई म्हणून तर ऐकायला येत व्हते. आता ऐकूबी येईना, मग येऊन करू काय?"

हे बोलणे आमच्या जिव्हारी लागले. ज्यांनी डोक्यावर पाट्या वाहून हा विहार बांधला, त्यांनाच विहारात धम्म ऐकू येत नव्हता. तेव्हापासून आम्ही या विषयाचा शोध घेऊ लागलो.

जागा निवडताना कानांचा विचार

शोध घेताना पहिली गोष्ट कळली ती ही, की आपल्या परंपरेत आवाजाचा विचार नवा नाही. श्रावस्तीचा अनाथपिंडिक भगवंतांच्या निवासासाठी जागा बघत फिरत होता. त्याने कोणत्या अटी डोळ्यांपुढे ठेवल्या होत्या ते विनयपिटकात दिलेले आहे. जागा गावापासून फार दूर नको आणि फार जवळही नको. ज्याला यायचे त्याला सहज येता यावे. दिवसा गर्दी नको, रात्री गलका नको. या अटींत बसणारी जागा म्हणजे जेत राजकुमाराची बाग, आणि तिच्यासाठी अनाथपिंडिकाने जमिनीवर नाणी अंथरली ही कथा आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. नाणी सगळ्यांच्या लक्षात राहतात. पण त्या नाण्यांनी काय विकत घेतले? लोकांच्या जवळ असलेली शांतता विकत घेतली. निव्वळ शांतताच हवी असती तर जंगल फुकट होते.

दुसरा प्रसंग राजगृहाचा. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री राजा अजातशत्रू जीवकाच्या आम्रवनात भगवंतांच्या भेटीला निघाला. वनाजवळ आल्यावर त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. जीवकाने सांगितले होते की तिथे साडेबाराशे भिक्षू आहेत, पण शिंकेचा नाही की खोकल्याचा आवाज नाही. राजाला वाटले, हा आपल्याला शत्रूच्या हाती तर देत नाही ना? जीवकाने धीर दिला, महाराज, घाबरू नका, पुढे चला, मंडपात दिवे जळत आहेत. पितृहत्येचा भार मनावर असलेल्या माणसाला शांततेची भीती वाटली, आणि तीच शांतता भिक्षूंना सुखाची होती. सामञ्ञफल सुत्तात हा प्रसंग आलेला आहे.

तिसरा प्रसंग चातुमा गावचा. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्याबरोबर पाचशे भिक्षू तिथे आले. यजमान भिक्षूंशी रामराम-नमस्कार, झोपायच्या जागा लावणे, पात्र-चीवर ठेवणे, यांत एकच गोंगाट झाला. भगवंतांनी आनंदाला विचारले, हे कोण, कोळी मासे ओढत असल्यासारखा गलका करताहेत? आणि त्यांनी त्या सगळ्यांना परत पाठवले. मग चातुमेच्या शाक्यांनी मध्यस्थी केली, तेव्हा त्यांना परत घेतले. यात भांडण कोणी केले नव्हते, शिवी कोणी दिली नव्हती. नुसता आवाज झाला होता. सामाईक जागेत आपल्या आवाजाचा भार दुसऱ्यावर पडतो, एवढी साधी गोष्ट भिक्षू विसरले होते.

पण मुकेपणा म्हणजे शांतता नव्हे

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग विहारात तोंडाला कुलूप घालायचे काय? नाही. कोसल देशात काही भिक्षूंनी वर्षावासात एकमेकांशी बोलायचेच नाही असे ठरवले, म्हणजे भांडणच होणार नाही. तीन महिने तसे काढून ते भगवंतांकडे आले आणि म्हणाले, आम्ही सुखाने राहिलो. भगवंतांनी त्यांची पाठ थोपटली नाही. जनावरे कळपात राहतात तसे तुम्ही राहिलात, असे त्यांना सुनावले आणि मौनव्रताला मनाई केली. उलट वर्षावासाच्या शेवटी पवारणा करावी, म्हणजे माझे काही चुकलेले पाहिले, ऐकले वा शंका आली असेल तर मला सांगा, असे प्रत्येकाने संघाला विनवावे, असा नियम घालून दिला. बोलायचेच, पण ऐकण्याची तयारी ठेवून बोलायचे.

अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे याचे उत्तम उदाहरण. ते एकत्र राहत. पाण्याचा घडा जड झाला तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावत, उगाच बोलत नसत. पण दर पाचव्या दिवशी रात्रभर बसून धम्मचर्चा करत. कामाच्या वेळी शांतता आणि ठरल्या वेळी मोकळे बोलणे, असे त्यांचे वेळापत्रकच होते म्हणा ना!

धम्म म्हणायचा कसा, याचाही विचार झालेला दिसतो. काही भिक्षू धम्म लांबलचक ताना घेत गाण्यासारखा म्हणू लागले. भगवंतांनी त्यात पाच दोष दाखवले. म्हणणारा आपल्याच आवाजावर भाळतो. ऐकणारे आवाजावर भाळतात. गृहस्थ नावे ठेवतात की आमच्यासारखेच हे गातात. सुरावटीच्या मागे लागून समाधी मोडते. आणि पुढची पिढी तेच गिरवते. मात्र 'सरभञ्ञ' म्हणजे स्वरात, सावकाश पठण करायला त्यांनी परवानगी दिली. आपण आज वंदना ज्या संथ चालीत म्हणतो, ती याच अंगाची.

कार्ल्याचा दगड आणि नालंदेचा फेरा

संथ पठणाचे महत्त्व कळायचे असेल तर कार्ल्याच्या चैत्यगृहात उभे राहावे. आपली सहल तिथे गेली होती तेव्हा आम्ही हे स्वतः अनुभवले. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तेवढेच उंच असे ते अखंड कातळात कोरलेले दालन. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने ते पूर्ण करवले आणि हे जंबुद्वीपातले उत्तम शैलगृह आहे असा लेख तिथे कोरला. मुलांनी आत शिरताच आरोळ्या ठोकल्या, तर नुसता कल्लोळ झाला, कोण काय बोलतो कळेना. मग सर्वांनी मिळून सावकाश त्रिसरण म्हटले. तेव्हा एका शब्दाचा घुमारा पुढच्या शब्दाला धरून राहिला आणि तीसेक माणसांचा आवाज तीनशेंचा वाटला. दगड तोच, माणसे तीच. फरक पडला तो म्हणण्याच्या गतीने. असे दालन सामुदायिक पठणाला साथ देते, पण भराभर बोललेले भाषण तिथे विरघळून जाते.

मग मोठ्या विहारात सगळ्यांपर्यंत आवाज पोहोचवायचा कसा? याचे उत्तर नालंदेत मिळते. सातव्या शतकात इत्सिंग हा चिनी भिक्षू तिथे राहून शिकला. त्याने लिहून ठेवले आहे की नालंदेत तीन हजारांहून अधिक भिक्षू, आठ दालने आणि तीनशे खोल्या होत्या. एवढ्यांना एका जागी जमवणे अवघड. म्हणून रोज एक पठण करणारा भिक्षू दालनादालनांतून फिरत असे. त्याच्यापुढे विहारातले सेवक आणि मुले धूप आणि फुले घेऊन चालत. प्रत्येक दालनात तो तीन किंवा पाच श्लोक मोठ्या स्वरात म्हणे, ते सगळीकडे ऐकू जाई, आणि तिन्हीसांजेपर्यंत त्याचा फेरा पुरा होई.

हे वाचले आणि आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नालंदेच्या लोकांनी एका जागी उभे राहून ओरडणारा माणूस नेमला नाही. त्यांनी आवाज ऐकणाऱ्याच्या जवळ नेला. आम्ही मात्र उलटे केले होते. एका टोकाला कर्णा लावला आणि दुसऱ्या टोकाला ऐकू येत नाही म्हणून त्याचे बटण पिळत राहिलो.

गाद्या मोजणारा प्राध्यापक

दालन का घुमते याचा हिशेब मांडायला मात्र १८९५ साल उजाडावे लागले. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने एक नवे व्याख्यानगृह बांधले. दिसायला देखणे, पण व्याख्यान कोणालाच कळेना. अगदी आपल्यासारखीच गत! वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण पदार्थविज्ञानाच्या शिक्षकावर हे काम सोपवले गेले. त्याने ऑर्गनची एक नळी वाजवून बंद केली आणि आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते मोजले. साडेपाच सेकंद! म्हणजे वक्ता दहा-बारा शब्द पुढे गेला तरी पहिला शब्द हवेत रेंगाळत होता.

मग सॅबाइन आणि त्याचे मदतनीस रात्रीच्या शांततेत जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणत, मांडत, मोजत आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवत. गाद्या वाढल्या की घुमणे कमी होई. यातून त्याने सूत्र काढले. दालनाचे आकारमान जितके मोठे तितका आवाज जास्त वेळ घुमतो, आणि आवाज शोषणारे पृष्ठभाग जितके जास्त तितका तो लवकर विरतो. उघडी खिडकी म्हणजे तिच्यावर पडलेला सगळा आवाज बाहेर जाऊ देणारी जागा, म्हणून तेच त्याने शोषणाचे माप धरले. या अभ्यासावर बोस्टनचे सिम्फनी हॉल बांधले गेले आणि ते १९०० साली उघडले. ध्वनीच्या गुणांसाठी जगात त्याचे आजही नाव आहे.

सॅबाइनची आणखी एक नोंद आम्हाला फार मोलाची वाटली. एक माणूस सुमारे सहा गाद्यांइतका आवाज शोषतो. आमच्या विहारात काय घडले ते आता ध्यानात आले. शब्द कळेना म्हणून माणसे कमी झाली. माणसे कमी झाली म्हणून दालन आणखी घुमू लागले. आणखी घुमू लागले म्हणून आणखी माणसे यायची थांबली. आणि कर्ण्याचे बटण पिळून उपयोग का झाला नाही, तेही समजले. आवाज वाढवला की त्याचे घुमणेही तेवढेच वाढते. मागच्या माणसाच्या कानाशी शब्द कमी आणि घुमाराच जास्त पोहोचतो.

बैठकीतला वाद

हे सगळे आम्ही विहार समितीच्या बैठकीत मांडले. कर्णे काढू, आवाज कमी करू, असे म्हणताच एक ज्येष्ठ कार्यकर्ते ताडकन उठले. "हजारो वर्षं आपला आवाज दाबला गेला. बाबासाहेबांनी तोंड फोडलं म्हणून आपण बोलायला लागलो. आणि आता आपणच आपला आवाज कमी करायचा?"

बैठकीत कोणी काही बोलेना. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी पाक्षिक काढले, त्याचे नावच 'मूकनायक' होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंच्या समुदायापुढे त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, तेव्हा त्यांच्यासमोर मायक्रोफोन होता. आपल्या समाजासाठी लाउडस्पीकर हे चैनीचे साधन कधीच नव्हते. ज्यांना चावडीवर बोलू दिले जात नव्हते, त्यांची ती चावडी होती. म्हणून 'आवाज कमी करा' हे वाक्य आपल्या कानाला टोचते. ते टोचायलाच हवे, कारण ते पूर्वी आपल्याला कोणी आणि कशासाठी ऐकवले ते आपण विसरलेलो नाही.

पण आम्ही त्यांना एवढेच विचारले, "काका, मूकनायक मोठ्या आवाजासाठी काढला होता, की आपलं म्हणणं लोकांना कळावं म्हणून?" आणि त्या आजीचे बोलणे सांगितले. काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "करून बघा. पण वाचन बंद पडता कामा नये."

आम्ही फार खर्च केला नाही. वाचणाऱ्याचे आसन लांब दालनाच्या टोकावरून काढून लांब भिंतीच्या मध्यावर आणले आणि लोकांना अर्धगोलात बसवले, त्यामुळे सर्वात मागचा माणूसही निम्म्या अंतरावर आला. फरशीवर जाड सतरंज्या घातल्या. समोरच्या उघड्या भिंतीला घडीचे जाड कापडी पडदे लावले. कर्णे उतरवले आणि बसणाऱ्यांच्या जवळ चार लहान स्पीकर कमी आवाजात लावले, म्हणजे नालंदेच्या त्या भिक्षूचा फेराच समजा. रस्त्याकडच्या खिडक्या वाचनापुरत्या बंद आणि पिंपळाकडच्या उघड्या ठेवायचे ठरले. वाचणाऱ्या मुलामुलींना सांगितले, घाई नको, वाक्य संपले की श्वास घ्या. अभ्यासिकेची वेळ वाचनाच्या वेळेपासून वेगळी केली.

पुढच्या वर्षावासात मागच्या रांगा पुन्हा भरू लागल्या. व्हरांड्यातली मंडळी आत आली. काका रोज पहिल्या रांगेत असत. ज्या आजीच्या बोलण्यामुळे हे सगळे घडले, ती मात्र ते ऐकायला राहिली नाही. आदल्या उन्हाळ्यातच ती गेली. आम्ही दोन वर्षे बटण पिळण्यात घालवली, ती तिच्या वाट्याची होती. याची खंत आम्हाला कायम राहील.

विहाराबाहेरचा आवाज

आतले काम झाले, बाहेरचे बाकी आहे. जयंतीच्या मिरवणुकीतल्या डीजेबद्दल आपल्यात दोन मते आहेत. तरुण मुले विचारतात, बाकीच्यांच्या उत्सवात चालते, मग नियम आपल्यालाच का? नियम सर्वांना सारखा लागू झाला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे आणि तसा आग्रह आपण धरलाच पाहिजे. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही रात्रीची ही बंदी उचलून धरली.

पण कायदा बाजूला ठेवला तरी आपल्याजवळ आपले कारण आहे. मिरवणूक ज्या गल्लीतून जाते, तिथेच आपले आजारी म्हातारे झोपलेले असतात, तिथेच परीक्षेची पोरे पुस्तक उघडून बसलेली असतात. जयंतीला अठरा-अठरा तास अभ्यास करून बाबासाहेबांना अभिवादन करण्याची पद्धत आपल्याच मुलांनी पाडली आहे. एकाच्या अभिवादनाने दुसऱ्याचे अभिवादन बुडू नये. ढोल-ताशा वाजावा, भीमगीते गावीत, ती आपली कमाई आहे. ती शब्दांसकट ऐकू यावीत एवढेच आमचे म्हणणे आहे.

आवाजाची रचना म्हणजे नुसता गोंगाट कमी करणे नव्हे, कोणते आवाज जपायचे हेही ठरवणे आहे. कॅनडाचे संगीतकार मरे शाफर यांनी १९७७ सालच्या आपल्या ग्रंथात हा विचार मांडला. जपानच्या पर्यावरण खात्याने १९९६ साली जपण्याजोग्या शंभर आवाजांची यादी केली, तीत बौद्ध विहारांच्या घंटाही आहेत. आपल्या विहाराची अशी यादी करायची तर? पहाटे पिंपळाच्या पानांची सळसळ. रविवारी लहान मुलांचे बोबडे पंचशील. वंदनेनंतर दोन मिनिटे सगळ्यांनी मिळून राखलेली शांतता. पौर्णिमेला खिरीच्या पातेल्यावर वाजणारा डाव. तुम्हाला आणखी काय सुचते ते समितीला कळवा.

येत्या आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासाचे वाचन सुरू होईल. वेळ रात्री आठची. येताना घरातल्या वडीलधाऱ्यांना हाताला धरून आणा आणि त्यांना वाचणाऱ्याच्या जवळ बसवा. ऐकू येत नसेल तर संकोच न करता तिथल्या तिथे सांगा. आम्ही बटण पिळणार नाही, जागा बदलून देऊ.

जयभीम! नमो बुद्धाय!